सगळे बाहेर आहेत

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मेसोनेस रस्त्यावर तीस वर्षं बटणं आणि चेनी विकल्यावर दुसरं काय होणार? कोण कुणासाठी काय शिवतंय, हे मला बटणांवरून कळतं. लोक खोटं बोलतात, बटणं बोलत नाहीत.

दुकानाच्या वर चार मजले, चौदा घरं. मी पाच नंबरात राहते, आणि इमारतीची भूकंपप्रमुखही मीच. केशरी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात यादी. रस्त्यावरचा इशाऱ्याचा भोंगा वाजला की जमीन हलेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं. सगळ्यांनी समोरच्या चौकात जमायचं, मी घराचा नंबर पुकारायचा, त्या घराने आकडा सांगायचा. आकडे यादीशी जुळले की मी ओरडते, "सगळे बाहेर!" त्यानंतर आत कुणी कुणाला शोधायला जात नाही.

हे दोन शब्द माझ्या बहिणीच्या बाबतीतही कुणीतरी उच्चारले होते. लिओनोर एकोणीस वर्षांची होती, एका शिलाईच्या कारखान्यात नगावर काम करायची. नगावरच्या मुलींची नावं हजेरीत नसत. पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात भूकंपाने इमारत बसली, मुकादमाने वही उघडली आणि सैनिकांना सांगितलं, चौथा मजला सगळा बाहेर आहे. ती सापडली तिसऱ्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असावी. तेव्हापासून मी कुठल्याच वहीवर विश्वास ठेवत नाही, आणि म्हणूनच यादी माझ्या हातात ठेवते.

तर नऊ नंबर. तिथे दॉन कासिमिरो राहतो. आमच्याकडे मानाने पुरुषाला दॉन म्हणतात, बाईला दोन्या. सान्तो दोमिंगो चौकातल्या कमानीखाली टाइपरायटर घेऊन बसतो आणि लोकांचे अर्ज, प्रेमपत्रं, माफीनामे लिहून देतो. आणखीही काही कागद करून देतो म्हणतात, पण मी पाहिलेलं नाही. सडाफटिंग म्हातारा. सकाळी बाहेर पडताना दाराला बाहेरून हे एवढं कुलूप लावतो. दोन तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, खाणारा हा माणूस जुलैपासून अर्धा किलो नेऊ लागला. गच्चीवरच्या दोरीवर त्याच्या शर्टांमागे एक गुलाबी मोजा वाळत होता, माझ्या अंगठ्याएवढा. आणि एका दुपारी त्या कुलूपबंद दारामागे बाई गुणगुणत होती. ती बोली मी ओळखते. मर्सेद बाजारात ओझी वाहणारी हैतीची माणसं तीच बोलतात. म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

मोजा घेऊन मी त्याला जिन्यात गाठलं.

"दॉन कासिमिरो, तुमचे पाय लहान होत चाललेत वाटतं."

"धुतल्यावर आटला असेल."

"आणि लाजून गुलाबी झाला?"

"दोन्या ओब्दुलिया, तुम्ही आपली बटणं विका ना."

"किती माणसं आहेत आत?"

"एक. आणि टाइपरायटर. त्याला पळता येत नाही, हवं तर त्याचं नाव लिहा."

"चेष्टा पुरे. मी यादीसाठी विचारतेय. उद्या छत खाली आलं तर..."

"यादी!" त्याने माझ्या हातातला मोजा काढून घेतला. "चार नंबरची सात माणसं यादीत होतीच की, बाई. कुठायत ती आता?"

ती कुठे गेली, ते जिन्यात बोलण्यासारखं नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी घरमालकाचा वकील बारागान माझ्याकडे आला होता. गोड बोलला, दुकानातून आईसाठी शिंपल्याची सहा बटणं घेतली आणि जाताना म्हणाला, विम्यासाठी यादीची एक प्रत लागते. मी दिली. चार नंबरच्या भाडेकरारात चार माणसं, यादीत सात. दोन महिन्यांत चार नंबर रिकामा. मालकाला सगळीच इमारत रिकामी हवी आहे, पर्यटकांना रोजाने खोल्या द्यायला. मी स्वतःला सांगत राहिले, मी फक्त यादी दिली, घराबाहेर तर त्याने काढलं. पण तेव्हापासून मी जिन्यात दिसले की लोक बोलणं आटोपतं घेत, आणि मला वाटे, हे सगळे माझ्यापासून काय लपवतात? जगावर संशय घेणाऱ्या बाईला एवढंही कळू नये!

एकोणीस सप्टेंबरला दरवर्षीचा सराव. अकरा वाजता भोंगा वाजला, सगळे उतरले. मक्याचे उकडलेले तमाले विकणारी तमालेवाली टोपल्यासकट आली. बारागानही हजर, हातात फोन.

"नऊ नंबर?"

"एक," दॉन कासिमिरो म्हणाला. त्या दिवशी तो मुद्दाम कामावर गेला नव्हता.

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरचा पडदा हलला आणि लगेच स्थिर झाला. बारागान माझ्या खांद्याशी उभा होता, लवंगेचा वास येईल इतका जवळ. खरा आकडा बोलले तर त्या दोघी आणि म्हातारा, तिघंही रस्त्यावर.

"सगळे बाहेर!" मी ओरडले.

बारागानने यादीचा फोटो काढला. "तुमचं काम चोख असतं हं, दोन्या." मला त्या मुकादमाची आठवण झाली. त्या रात्री मी जेवले नाही.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी भर दुपारी, भोंगा पुन्हा वाजला. या वेळी सराव नव्हता. मी दुकानात होते. शिट्टी फुंकत सगळ्यांना चौकात काढलं, आणि जमीन हलू लागली. विजेच्या तारा एकमेकींवर आपटल्या, दुकानातली बटणांची खोकी धडाधडा पडली, गच्चीचा कठडा तुटून रस्त्यात आला. मग थांबलं. धूळ खाली बसायच्या आतच वास आला. गॅस.

बंबवाले पाच मिनिटांत पोचले. त्यांचा प्रमुख दाढीवाला, घाईतला. "जिना कच्चा झालाय, गॅसची टाकी फुटलीय. माझी माणसं उगाच आत घालणार नाही. आत कोण आहे?"

"कुणी नाही," बारागान पुढे झाला. तो चार नंबर दाखवायला दोन गिऱ्हाइकं घेऊन आला होता. त्याने फोन काढला. "ही बघा यादी, यांच्याच हातची. चौदा घरं. नऊ नंबरला एकटा म्हातारा, तो कामावर असतो, दाराला बाहेरून कुलूप आहे. मी आत्ताच पाहिलं."

"मग रस्ता बंद करा," प्रमुख म्हणाला, आणि माझ्या जाकिटाकडे वळला. "बाई, सगळे बाहेर?"

तेव्हा मला सगळं एकदम उमगलं. त्या बाईने भोंगा एकदाच ऐकला होता, सरावाच्या दिवशी. तेव्हा तिला काय शिकवलं असेल? भोंगा वाजला की आवाज करायचा नाही, पोरीला धरून गप्प बसायचं. ती आत्ताही तेच करत होती. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं, दॉन कासिमिरोने आणि मी.

"दोन," मी म्हटलं. "नऊ नंबरात. बाई आणि लहान मुलगी. कुलूप तोडा."

"दोन्या ओब्दुलिया," बारागान हळूच म्हणाला, "नऊ नंबरात एकच माणूस राहतो ना? यादीत तसं आहे."

"ती नऊ नंबरची नाहीत. माझी माणसं आहेत, माझ्याकडे राहतात. दुपारी म्हाताऱ्याच्या खोलीत झोपतात, माझ्याकडे दुकानाचा गोंगाट असतो."

"आणि कुलूप?"

"मी लावलं! माझा स्वभाव संशयी आहे, माहीत नाही तुम्हाला?"

प्रमुखाने आमचं भांडण ऐकून घेतलं नाही. दोन माणसं कुऱ्हाड घेऊन वर गेली. मी उभ्या जन्मात इतका वेळ कधी मोजला नाही. जिन्याचा तुकडा कोसळल्याचा आवाज आला, तमालेवालीने माझा हात घट्ट धरला. वर्षभर ती माझ्याशी बोलली नव्हती. मग ते बाहेर आले. एकाच्या खांद्यावर मुलगी, पायात एकच गुलाबी मोजा. दुसऱ्याला धरून बाई, चुन्याने पांढरी झालेली. मुलगी खाली उतरवताक्षणी बाईने आधी तिच्या तोंडावर हात ठेवला. तोवर दॉन कासिमिरो धापा टाकत चौकात पोचला आणि फुटपाथवरच बसला.

बारागानने लेखणी काढली. "तुमच्या करारात एकच नाव आहे, दोन्या. ही कोण लागते तुमची?"

"भाची."

त्याने चुन्याखालच्या तिच्या काळ्या रंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ही?"

"बापावर गेलीय."

लोक हसले. तो नाही हसला. "नाव?"

मी बाईकडे वळले. "सांग, पोरी." तिने माझं जाकीट पाहिलं, हातातली यादी पाहिली, आणि ओठ घट्ट मिटले. कुठून ठेवेल विश्वास? मीही ठेवला नसता.

"लिओनोर," मीच म्हटलं. "बहिणीची मुलगी. बहिणीचंच नाव ठेवलंय. नीट लिहा, वकीलसाहेब, दोनदा तपासा."

त्याने लिहिलं. अडतीस वर्षांत ते नाव पहिल्यांदाच कुठल्यातरी यादीत आलं, आणि मी चौकात सगळ्यांदेखत रडले.

नोव्हेंबरात मला घर सोडायची नोटीस आली. उत्तर दॉन कासिमिरोने टाइप केलं, उरलेल्या तेराही घरांनी सह्या केल्या. प्रकरण चालू आहे, काय होईल सांगता येत नाही. माय-लेकी आता खरंच माझ्याकडे राहतात, आणि पाच नंबर पुकारला की मी स्वतःच "तीन" म्हणते. फेब्रुवारीत, बटणं निवडताना, तिने मला तिचं खरं नाव सांगितलं. ते मी कुठेच लिहिलेलं नाही, इथेही लिहीत नाही.