डाग गेला कुठे?

"पांढरा! अगदी दुधासारखा पांढरा!" सभागृहातली माणसं खुर्च्यांवर चढून ओरडत होती. पुढच्या रांगेतले एक आजोबा तर चक्क डोळे पुसत होते. मंचावर शुभ्रबाबा एक रुमाल ताणून उभे होते. शिष्याच्या हातातल्या दुसऱ्या रुमालावर मधोमध तपकिरी डाग होता.

दोन्ही रुमाल आमच्याच लाँड्रीत धुतलेले, म्हणून आम्हा नवराबायकोला मानाची जागा!

प्रयोग सोपा होता. साध्या काडीने सिगारेट पेटवून बाबांनी रुमालातून धूर फुंकला की डाग पडायचा. मंत्रलेल्या काडीने पेटवली, डोळे मिटून नामजप केला आणि मग फुंकला, की डाग नाही.

"भक्तहो, दोष तंबाखूत नाही, अग्नीत आहे!" बाबा गरजले. "शुद्ध अग्नी, शुद्ध धूर! लेकराच्या पाळण्याशी बसून ओढा, केसालाही धक्का लागणार नाही!"

म्हणजे तंबाखू बिचारी साधीभोळी, आणि चोर कोण, तर काडेपेटी! मला हसू आलं. पण शेजारी बघितलं तर आमच्या ह्यांचे डोळे चमकत होते.

आमच्या खारूला, सहा वर्षांच्या लेकीला, दमा आहे. दुकानामागच्या खोलीत हे इस्त्री करतात आणि तिथेच ती अभ्यासाला बसते. रस्त्याची धूळ पांढऱ्या कपड्यांवर बसते म्हणून त्या खोलीची खिडकी आम्ही कधी उघडत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या घरात सिगारेट नको. ह्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. आठ महिने झाले होते.

त्या दिवशी घरी येताना खिशात मंत्रलेली काडेपेटी आली.

मी भांडले. हे म्हणाले, "अगं, तुझ्यासमोरच फुंकतो. डाग पडला तर फेकून देतो." फुंकला. रुमाल स्वच्छ. मग रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम आणि मी गप्प. बाबावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण रुमालावर होता. आमच्या धंद्यात कापडावर डाग नाही म्हणजे विषय संपला. लोकांच्या चादरी बघून त्यांच्या घरातली भांडणं ओळखणारी मी, आणि स्वतःच्या घरात अशी फसले!

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी खारूचे ओठ निळे पडले. पंपाने भागेना. रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसले तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होती.

पोरीला ऑक्सिजन लावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोण ओढतं?"

"हे ओढतात. पण धूर शुद्ध असतो हो, रुमालावर डाग पडत नाही."

बोलून गेले खरी, पण आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही कपडे धुता ना? डाग निघतो तेव्हा जातो कुठे?"

"पाण्यात."

"मग हा कुठे गेला, ते शोधा."

उत्तर खारूनेच दिलं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर ती खाटेवर बसून पेन्सिलीची सिगारेट ओढायला लागली. "आई, शुभ्रबाबा बघ!" सभेत माझ्या मांडीवर बसून बघितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. तिने गाल फुगवले आणि फू केलं. "ही साधी काडी." मग डोळे मिटले, खांदे वर केले, छाती भरून श्वास ओढला, कोंडला आणि हळूच सोडला. "आणि ही पप्पांची." तेवढ्यानेही तिला खोकला आला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पुढच्या सभेत मी सरळ मंचावर चढले. "बाबा, आज उलटं करा. मंत्राच्या काडीचा धूर नुसता तोंडात धरून सोडा, आणि साध्या काडीचा छातीभर ओढून."

"मुली, शंकेने अग्नी विटाळतो!"

"विटाळू दे की! मी धुऊन देते."

लोक हसले. बाबा पाणी मागायला लागले. तेवढ्यात पाट्या रंगवणारा पेंटर उठला. दिवसभर फुंकणारा माणूस तो. त्याने दोन्ही प्रकार करून दाखवले. मंत्राच्या काडीच्या रुमालावर तपकिरी ठिपका उमटला. साध्या काडीचा जवळजवळ पांढरा राहिला.

पेंटर त्या पांढऱ्या रुमालाकडे बघत राहिला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे तो इथे राहिला?"

"बराचसा तिथेच," मी म्हटलं. "आणि सिगारेटच्या जळत्या टोकाचा धूर तर कुठल्याच रुमालातून जात नाही. तो सगळा खोलीत, माझ्या पोरीच्या नाकात."

एकच गलका झाला. बाबा मागच्या दाराने सटकले. माणसं त्यांच्या मागे धावली, पण हे जागेवरच बसून होते. ह्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

हे म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी कळलं. एकदा पटकन फुंकला तर डाग पडला. मग तुझ्यासमोर नेहमी आत ओढूनच..."

"आणि खारू तिथेच बसलेली असायची."

"सुटत नव्हती गं. तू रुमाल बघून गप्प बसायचीस, मला वाटलं, चाललंय तर चालू दे."

बाबा परका होता, लबाडी हा त्याचा धंदाच. त्याचा मला राग आला आणि गेलाही. हा मात्र माझा माणूस. रोज माझ्या हातात रुमाल देऊन माझ्या डोळ्यांत बघत होता.

तुम्हाला एकच सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचाराच, पण तो चमत्कार आनंदाने घरी आणणाऱ्यालाही विचारा, तो कितीही जवळचा असला तरी. मंत्राने, काडीने, खिडकी उघडून धूर शुद्ध होत नाही. सिगारेट सुटत नसेल तर डॉक्टरकडे जा, त्यात लाज नाही. हेही आता जातात, मीच घेऊन जाते. पण खारू बरी होऊन घरी आली त्या दिवशी ह्यांनी तिला उचलून घ्यायला हात पुढे केले, तेव्हा तिने आधी ह्यांच्या शर्टाचा वास घेतला.