फुग्याच्या गाठी

स्वाझिगला सगळीकडे नाक खुपसायची सवय होती आणि ती लपवायची गरजही तिला कधी वाटली नाही. शेजारणीच्या पातेल्यात काय शिजतंय, बंदरात नव्यानं आलेल्या होडीच्या तळाला कुठला रंग दिलाय, पाद्रीबाबांचा आवाज आज का बसलाय, सगळं तिला कळायलाच हवं असे. अशी ही बाई, पण अख्खा संसार एका माणसाबरोबर करून त्याच्या एका गोष्टीचा तिला थांगपत्ता लागला नव्हता. तिचा नवरा गुलवेन मोठ्या शिडाला लोकर कशी बांधतो, हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांची होडी लहानशी, मधे अंग आणि दोन्ही बाजूंना तोल सांभाळणारी एकेक उलांडी. वारा पाठीमागून असला की तिच्यावर एक लाल शीड चढे, कागदासारखं पातळ आणि होडीपेक्षा मोठं. घरात त्याला सगळे फुगाच म्हणत. असलं शीड मोकळंच वर चढवलं तर ते अर्ध्यातच वारा पितं आणि डोलकाठीला गुंडाळून बसतं. म्हणून ते आधी वळकटीसारखं गुंडाळून हातहातभर अंतरावर लोकरीच्या धाग्यानं बांधायचं, बांधलेलंच वर न्यायचं आणि मग खालचा दोर ओढायचा. धागे खालून वर पटापट तुटत जातात आणि शीड उघडतं. लोकर कच्ची, झटक्यासरशी तुटणारी हवी, एवढं बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्यांचे फुगे कधीमधी अडकत, गुलवेनचा कधीच अडकला नाही.

शीड एकदा वापरलं की, आणि होड्यांच्या मोसमाच्या शेवटीही, तो ते घेऊन माळ्यावर जाई आणि आतून कडी लावी. लोक विचारत, स्वाझिग तर रोज विचारे. "मेंढ्यांचं गुपित आहे, मी कोण सांगणारा," एवढंच तो म्हणे.

मग एका हिवाळ्यात गुलवेन गेला. त्याचा कोट दिराला गेला, दाढीचं सामान कुणी मागितलं त्याला गेलं. फुगा मात्र होडीच्या नाळेत, अगदी पुढच्या टोकाशी, पिशवीत तसाच राहिला, त्यानं बांधून ठेवला होता तसा. त्या गाठी म्हणजे त्याच्या हातांनी केलेलं शेवटचं काम होतं. शीड एकदा उघडलं की त्यांचा भुगा समुद्रात जाणार. स्वाझिग होडी हाकायची, पण त्या पिशवीला कुणाला हात लावू देत नसे. म्हातारीचं खूळ म्हणून लोक हसले, तिनं हसू दिलं.

आज ती आणि तिची सून एनोरा, दोघी हुआत बेटावर स्वाझिगच्या बहिणीकडे जेवायला गेल्या होत्या. काळ्या गव्हाच्या धिरड्यांवर लोणी जरा जास्तच झालं, गप्पा त्याहून जास्त झाल्या आणि निघायला उशीर झाला. अर्ध्या वाटेत मोटर खोकली आणि बंद पडली. वारा पाठीमागून येत होता, पण अगदीच मंद. त्यांचं बंदर आखाताच्या आत होतं. आखाताचं तोंड समोर दिसत होतं आणि भरती संपत आली होती. एकदा ओहोटी लागली की त्या अरुंद तोंडातून पाणी असं बाहेर येतं की शिडाची लहान होडी रात्र पडेपर्यंत बाहेरच ताटकळते. एनोराचं तान्हं बाळ शेजारणीकडे होतं, आणि बाळाचा बाप मासेमारीवर लांब गेलेला.

"आई, या चालीनं आपण आत पोचत नाही," एनोरा म्हणाली.

"पोचतो की. भरती आहे अजून."

"किती आहे ते तुम्हालाही दिसतंय."

"मोटर बघ परत."

"मला येत होत्या तेवढ्या शिव्या घालून झाल्या तिला. तुमच्याकडे काही शिल्लक असतील तर घाला."

स्वाझिग हसली नाही. पुढचं वाक्य काय येणार ते तिला कळलं होतं.

"फुगा काढू या का?"

"नाही."

"आई, बाळ..."

"शेजारीण बाटली देईल."

"तो बाटली घेत नाही. तुमच्या लेकावर गेलाय, नाही म्हणजे नाही."

स्वाझिगनं तिच्याकडे पाहिलं. एनोरा दोन्ही हात छातीशी आवळून बसली होती आणि तिच्या सदऱ्यावर ओल आली होती. स्वाझिगनंही पोर पाजलेलं होतं, तिला यापुढे काही सांगावं लागलं नाही.

"त्या पिशवीत काय आहे ते तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर आजवर एकदाही मागितली नाही."

"घे इकडे."

पिशवीचं तोंड स्वाझिगनं सावकाश उघडलं. पण खोटं कशाला बोला, बोटं शिवशिवतही होती. इतकी वर्षं कडीआड राहिलेलं गुपित आता तिच्या मांडीवर होतं. तिनं पहिला धागा पाहिला, मग दुसरा, मग पिशवीबाहेर आली तेवढी वळकटी हातातून सरकवत नेली.

पांढरा धागा तिच्या अर्धवट राहिलेल्या शालीचा होता. तपकिरी धागा स्वेटरच्या त्या बाहीचा, जिला कसर लागली असं गुलवेननं शपथेवर सांगितलं होतं. पुढच्या पिवळ्या धाग्याचा गुंडा तर म्हणे मांजरीनं पळवला होता, आणि त्यापायी बिचाऱ्या मांजरीला दोन वेळचं दूध मिळालं नव्हतं. आणि गाठ? गाठ म्हणजे शाळेतली पोरं मारतात ती साधी आडगाठ. त्यात गुपित नावाला नव्हतं.

"चोर," स्वाझिग म्हणाली. "कडी गुपितासाठी नव्हती गं. माझी लोकरीची टोपली लुटायचा हा."

"बाबा?" एनोरा वाकून बघायला लागली. "म्हणजे सगळं बंदर इतकी वर्षं उगाच डोकं खाजवत होतं?"

"मला धरून."

मग दोघी कामाला लागल्या. शिडाचं एक टोक नाळेबाहेरच्या दांड्याला, एक डोलकाठीवर जाणाऱ्या दोराला, आणि तिसऱ्याचा दोर उलांडीच्या मागच्या कप्पीतून. एनोरानं सरसर ओढलं आणि लाल वळकटी वर जाऊन उभी राहिली. स्वाझिगनं सुकाणू हातात घट्ट धरलं. त्याच्या गाठी तिला खालून वर रांगेनं दिसत होत्या.

"ओढू?" एनोरानं विचारलं.

"ओढ."

पहिला धागा तुटला, मग दुसरा, आणि मग टपटप टपटप आवाज वर चढत गेला. लोकरीचे तुकडे पाण्यावर पडले आणि मागे राहिले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. आणि अचानक आवाज थांबला. खाली लाल पोट फुगलेलं, वर मात्र गळा आवळल्यासारखी वळकटी तशीच. सगळ्यात वरचा धागा तुटतच नव्हता.

गुलवेनचा फुगा अडकला होता.

स्वाझिगनं होडी वळवून फुगा नेहमीच्या शिडाच्या आडोशाला घेतला, एनोरानं तो भराभर खाली ओढला. वरचं टोक हाताशी आलं तेव्हा त्यावरचा धागा करडा-हिरवा दिसला. स्वाझिगनं तो लगेच ओळखला.

त्या शेवटच्या शरदात गुलवेनचे पाय सारखे गार पडत. म्हणून तिनं त्याच्यासाठी मोजे विणायला घेतले होते. खास मोज्यांचीच लोकर आणली, टाच झिजू नये म्हणून नायलॉन मिसळलेली, काही केल्या तुटणार नाही अशी. एक मोजा झाला आणि गुंडा गायब. लोकरीच्या टोपलीचं कपाट एनोरानं आवरलं होतं, म्हणून स्वाझिगनं तिला नको नको ते ऐकवलं. गुलवेन समोरच बसून मुकाट्यानं सूप पीत होता. तसली लोकर पुन्हा गावात मिळाली नाही, आणि इस्पितळात तो एका पायात तोच एक मोजा घालून गेला.

"स्वतःच्या पायावरची लोकर काढून शिडाला घातलीन," स्वाझिग म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं. "आणि वर बांधली कुठली तर न तुटणारी. एवढा शहाणा माणूस."

एनोरानं चाकू काढला, पण धागा कापला नाही. "आई, पाणी फिरायला लागलंय."

"काप. गाठ राहू दे, दुसऱ्या बाजूनं काप."

धागा स्वाझिगच्या तळहातात पडला, मधे ती आडगाठ शाबूत. तिनं तो मुठीत घेतला आणि त्याच मुठीनं सुकाणू धरलं. फुगा पुन्हा वर गेला आणि या वेळी एकदम उघडला. होडी उचलल्यासारखी निघाली. वारा थेट पाठीशी घेऊन नाकासमोर पळायचं नसतं, जरा तिरकं जायचं, हे सुनेला सांगावं लागलं नाही. दोघी वाऱ्याच्या बाजूला मागे सरकून बसल्या. वेग वाढला तसा मागचा वारा होडीच्याच वेगामुळे गालावर आला, मग जवळजवळ समोरून. इतकी वर्षं झाली तरी याचं स्वाझिगला नवल वाटायचं, आजही वाटलं.

आखाताच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं दिसत होतं, पण अजून त्यात जोर नव्हता. त्या आत आल्या.

"त्या लोकरीवरून मी तुला बोलले होते," स्वाझिग म्हणाली.

"हो. चांगलं आठवतंय."

"तू तेव्हा काही उत्तर दिलं नाहीस."

"दिलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं," स्वाझिग म्हणाली. "चुकलंच माझं."

होडी बांधून झाल्यावर पिशवी झटकताना तळाशी काहीतरी मऊ लागलं. उरलेला करडा-हिरवा गुंडा होता तो, चांगला मुठीएवढा. कुणी पाहू नये म्हणून घाईत आत कोंबलेला.

मोसम संपला तेव्हा एनोरा फुगा घेऊन माळ्यावर गेली. कडी लावायची नाही, असं स्वाझिगनं तिला बजावलं होतं. सून कच्च्या लोकरीच्या आडगाठी मारत बसली, बाळ शिडावर लोळत होतं आणि सासू दारातल्या पायरीवर बसून दुसरा मोजा विणत होती.

"कुणासाठी विणताय, आई?" एनोरानं विचारलं.

"कुणासाठी नाही. तो एकाच मोज्यावर गेला, ते काही आता बदलत नाही," स्वाझिग म्हणाली. "पण दुसरा कसा झाला असता, ते मला बघायचंय."