सोमारीच्या आवाजावर सत्कार

मी टेपरेकॉर्डर. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज माझं ऐका. गोड बोलेन असं मात्र समजू नका. पाच वर्षं राग गिळून बसलोय.

१९८३ साली सत्यशीला मॅडमनी मला चंद्रपूरच्या दुकानातून आणलं. त्या कॉलेजात पत्रकारिता शिकवायच्या. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर शाळेची पायरी चढलेली त्यांच्या घरातली ती पहिली मुलगी. बातम्यांत बायका कशा येतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. वर्षभराची साप्ताहिकं त्यांनी चाळली. गडी असला की श्रावण, पत्रू, नावानिशी. बाई असली की 'एक महिला'. विहिरीत पडून मेली तरी 'एक महिला'च!

विद्यार्थ्यांना घेऊन त्या गावोगाव जायच्या. मला खाटेवर ठेवलं की कुणीतरी बाप्या पुढे सरकायचाच. "तिले काय विचारता, तिले काही समजत नाई. म्या सांगतो." मग मॅडम मला उचलून चुलीपाशी नेत. माझी पाठ गड्यांकडे, तोंड बाईकडे.

वर्गात त्या दोन गोष्टी शिकवायच्या. महत्त्वाचं बोलणं भरलं की कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची जीभ मोडायची, म्हणजे त्यावर दुसरं काही भरता येत नाही. आणि कॅसेटी कमी, म्हणून फालतू कॅसेटची जीभ मोडलेली असली तर त्या भोकावर कागद चिकटवून ती परत वापरायची. दुसरी युक्ती आमच्या मुळावर आली.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही कुरखेड्याकडच्या एका गावी गेलो. तिथली सोमारी. तेंदूपानाचे पुडे जिथे मोजून घेतात, त्या फळीवर ठेकेदाराच्या मुन्शीनं तिचा हात धरला होता. तिनं हातातले पुडे त्याच्या थोबाडावर हाणले. साप्ताहिकात काय छापून आलं? 'दारूच्या नशेत महिलेचा फळीवर धिंगाणा.' तेव्हापासून पाणी भरायला गेली की बाया तोंड फिरवायच्या.

"म्या थेंब नाई घेतला, बाई," ती म्हणाली. "छापलं त्यायनं, आता खरं बी त्यायनंच छापावं." अर्धा तास ती बोलली. मुन्शी काय म्हणाला, कोण उभं होतं, कोण हसलं, सगळं. मॅडमनी तिथल्या तिथे जीभ मोडली आणि लेबलावर लिहिलं, 'सोमारी, कुरखेडा'.

त्या साप्ताहिकाचा संपादक म्हणाला, "तुमच्या वहीतलं नको. वहीत काय, तुम्ही काहीही लिहाल. तुमच्या कॉलेजच्या कार्यशाळेला येतोय मी, तिच्या तोंडून ऐकवा. छापतो."

कार्यशाळेच्या चार दिवस आधी विभागप्रमुख देवराव सरांचा सत्कार होता. कोरी कॅसेट सापडेना. सरांनी मॅडमचं कपाट उघडलं, सोमारीची कॅसेट काढली, भोकावर कागद चिकटवला आणि माझं लाल बटण दाबलं. माझ्या पोटात लिहिणारं आणि पुसणारं शेजारी शेजारी बसतात. एकीकडून हारतुरे आत आले, दुसरीकडून सोमारी पुसली गेली. पुसली मीच! देवरावांना शिव्या घालतो तेव्हा स्वतःलाही दोन घालतो.

कार्यशाळेत मॅडमनी बटण दाबलं. "आदरणीय सरांचं कार्य हिमालयाएवढं..." हॉल खो खो हसला. देवराव सर म्हणाले, "अरे, ती होती का? एक बाईच तर बोलून राह्यली होती. पुन्हा भरा." मॅडमनी मला बंद केलं नाही. पंचवीस मिनिटं सगळ्यांना तो सत्कार ऐकवला. तो संपला, खरखर झाली, आणि शेवटी उरलेलं निघालं.

"...तर 'एक बाई' नका लिवू. माह्यं नाव सोमारी."

संपादकानं घड्याळ पाहिलं. "पण घडलं काय, ते कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कुरखेड्याला गेलो. मॅडमनी काही लपवलं नाही. चूक माझीच, मीच ती युक्ती शिकवली, म्हणाल्या. सोमारी बराच वेळ चूल फुंकत राहिली.

"मशीन नको आता," ती म्हणाली. "मले त्या छापणाऱ्याकडंच ने."

आली. आयुष्यात पहिल्यांदा चंद्रपूरला आली, संपादकाच्या टेबलासमोर उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. निघताना ती म्हणाली, "नाव लिवलं का?" तो म्हणाला, "लिहिलं, लिहिलं."

पुढच्या अंकात चौथ्या पानावर दोन ओळी आल्या. 'फळीवरील प्रकाराबाबत एका आदिवासी महिलेने खुलासा केला आहे.'

त्या दिवशी मॅडम रडल्या नाहीत. अंक कापून वहीत चिकटवला आणि कॅसेटच्या भोकावरचा कागद खरवडून काढला. तेव्हापासून दर जूनला, नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला, त्या मला टेबलावर ठेवतात. मुलं सत्काराला जांभया देतात. मग सोमारी येते. "लिहून घ्या," मॅडम म्हणतात, आणि सगळा वर्ग तिचं नाव लिहितो.

आता एकोणनव्वद उजाडलंय. माझा पट्टा सैल झालाय. सोमारीचा आवाज माझ्यातून घोगरा, गड्यासारखा निघतो, आणि तेच मला सोसत नाही. मला खुशाल भंगारात द्या. पण त्याआधी ते एक वाक्य नव्या कॅसेटवर उतरवून घ्या. आणि लेबलावर 'एक महिला' लिहाल, तर याद राखा.