चवीपुरतं

आधी दहा किलो उतरवा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून आमचे भावोजी खाल्लेला घास न् घास वहीत लिहीत होते. ते एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी. वहीतला आहार एखाद्या संन्याशाला शोभेल असा होता, वजन मात्र जागचं हलत नव्हतं.

"आणि दिवसभर चव घेता ती?" ताईने विचारलं.

"ते काम आहे. कामाला कोणी खाणं म्हणतं का?"

ताईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात एक रिकामं पातेलं दिलं. दर वेळी जेवढी चव घ्याल, तेवढंच यातही टाका, म्हणाली.

संध्याकाळी भावोजींनी ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. रस्सा, भात, भाजी, कस्टर्ड, सगळं एकत्र आणि काठोकाठ. नवीन बेट सापडल्यासारखे आम्ही तिघे त्याच्याभोवती उभे राहिलो.

"हे एवढं माझ्यात जातं? रोज?"

"लग्नाच्या आधीपासून," ताई म्हणाली.

भावोजी सावकाश खुर्चीत टेकले. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, एखाद्या थोर माणसाशी बोलावं तसे हळूच म्हणाले, "काय काय उचललंस रे बाबा."