यकृताच्या पेशी

धाकटीने जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली होती, की आता नोकऱ्या हिला शोधत दारात येतील. दारात कोणी आलं नाही. तिच्या वर्गातली एक मशिनं विकते, एक औषध कंपनीत अहवाल लिहिते, एक घरी शिकवण्या घेते. आमची तेवढी हट्टाला पेटून प्रयोगशाळेत राहिली, वर्षावर्षाच्या करारावर. माझं शिवणाचं दुकान आहे. काजं-बटणं करणाऱ्या बाईची नोकरीसुद्धा तुझ्यापेक्षा पक्की आहे, हे मी तिला कितीदा तरी ऐकवलं होतं.

तिचं काम म्हणजे चपट्या बाटल्यांत यकृताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर एक औषध घालून बघायचं. दर दोन दिवसांनी त्या पेशींचं खाणं बदलावं लागतं, नाहीतर मरतात. रविवार नाही, आजारपण नाही. "पोरांना भरवून आलीस का?" अशी आई चेष्टा करायची.

मागच्या वर्षी आईने अंथरूण धरलं. एका रविवारी सकाळपासून तिचा श्वास नीट चालत नव्हता. धाकटी चपला घालत म्हणाली, "ताई, तासाभरात येते. आज नाही गेले तर तीन आठवड्यांचं काम मरेल."

ती परतली तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. मनात एवढंच होतं, की आता निदान त्या मेल्या पेशींचं सोनं होऊ दे.

आणि होतही होतं. औषध लागू पडत होतं, शोधनिबंध लिहून तयार होता. तो छापून आला की कायमची जागा, असं तिच्या प्रमुख मॅडमनी कबूल केलं होतं.

मग परवा संध्याकाळी ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"ताई, त्या पेशी यकृताच्या नाहीतच."

"म्हणजे?"

"मला गोठवलेली कुपी दिली होती, तिच्यावर यकृताची चिठ्ठी होती. पण त्यात आधीच कधीतरी दुसऱ्या कर्करोगाच्या पेशी मिसळल्या होत्या. त्या भराभर वाढतात, मूळच्यांना संपवून टाकतात. बाटली इतक्या लवकर भरते कशी, म्हणून मला शंका आली. तपासायला पाठवल्या."

"हे आधी नाही का तपासत?"

"तपासतात. पण निकालाला महिना लागतो आणि माझा करार वर्षाचा. म्हटलं, महिना कशाला घालवू?"

मी कपाळाला हात लावला. न मापता कापड कापायचं नाही, हे मला कळतं आणि एवढं शिकून हिला कळलं नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"मॅडमना. गेल्याच आठवड्यात."

"त्यांनी विचारलं होतं?"

"नाही."

"मग तोंड शिवून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"त्या आकड्यांवर भरवसा ठेवून कुणीतरी पुढे गेलं असतं, ताई. उद्या कुणाच्या तरी पोटात ते औषध गेलं असतं."

निबंध बाद झाला. करार वाढणार नव्हता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. सोमवारपासून ती एका रक्ततपासणी केंद्रात लागणार होती, नळ्यांवर नावं चिकटवायला. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. मी काही बोलायच्या आत तिनेच खाली बघत विचारलं, "त्या दिवशी आईने माझी आठवण काढली होती का?"

वर्षभरात तिने हे एकदाही विचारलं नव्हतं. आईने तीनदा विचारलं होतं, "धाकटी आली का?" शेवटी तर माझा हात तिचा समजून घट्ट धरला होता आणि मीही तो तसाच राहू दिला होता. हे सगळं मी एखाद्या मोठ्या भांडणासाठी राखून ठेवलं होतं. आता ते अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "झोपेतच गेली. तू असतीस तरी तिला कळलं नसतं."

तिने मान वर केली. मग "बरं झालं सांगितलंस" म्हणाली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून एवढी रडली की तिचा विश्वास बसला नाही हे मला कळलं.