खंडेनवमीला पुसलेला पासवर्ड

खंडेनवमीला हरिबा शिपायाने साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीतला डबा ओल्या फडक्याने लख्ख पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मशिनीची पूजा म्हणजे पूजा! डब्यावर फळ्याच्या मार्करने लिहिलेला ॲडमिन पासवर्ड त्या फडक्याबरोबर गेला. डब्यात उसाच्या नोंदींचा आभासी सर्व्हर, पासवर्ड शेतकी अधिकारी अर्जुनरावांच्या ताब्यातला, पण त्यांनाही पाठ नाही, आणि गाळप आठ दिवसांवर.

झक मारत मोहिनीला फोन गेला. सर्व्हर तिनेच उभा केला होता. गेल्या हंगामात अर्जुनरावांनी आधी तिच्याकडून पासवर्ड काढून घेतला आणि मग आळ घेतला, की लागवडीच्या तारखा मागे ओढून तिने कुणाकुणाचा ऊस तोडणीला पुढे लावला. मिटिंग हॉलमध्ये सगळ्या ऊसवाल्यांसमोर माफीनामा वाचायला लावला. वर म्हणाले, "मोठ्यानं वाच. मागच्या रांगेला ऐकू येऊ दे." त्या दिवसापासून तिचे वडील बंकटराव गावात, दिंद्रुडच्या पारावर बसले नव्हते. मोहिनी वर्षभर दातओठ खात होती.

"येते की, साहेब," ती फोनवर म्हणाली. "पर काम हॉलमधी करीन, मोठ्या पडद्यावर. चेअरमनसाहेब पायजेत, आन् तवाचे ऊसवाले पायजेत."

"लोक कावून गोळा करतीस, पोरी?"

"मागून कुनी म्हनू नये, मोहिनीनं पुन्हा घोळ घातला."

गरजवंताला अक्कल नसते. अर्जुनराव कबूल झाले.

हॉल भरला. मोहिनीने सर्व्हर बंद करून चालू केला, तो जागा व्हायच्या आत एक कळ दाबून अडवला, एक ओळ लिहिली आणि पासवर्डाशिवाय आत शिरली. जाणत्याला पाच मिनिटांचं काम. नवा पासवर्ड घातला, चिठ्ठीवर लिहिला. अर्जुनरावांनी हात पुढे केला. चिठ्ठी त्यांच्यासमोरून चेअरमन भगवानरावांच्या हातात गेली.

"झालं न्हवं? निघ मंग," अर्जुनराव म्हणाले.

"एक बाकी हाय, साहेब."

तिने बदलांची नोंदवही उघडली. कुणी, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून काय बदललं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं आणि ते फक्त ॲडमिनला दिसतं. अर्जुनरावांना पासवर्ड बदलता आला होता, पण अशी नोंद असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. पडद्यावर मागे ओढलेल्या लागवडीच्या तारखांच्या सहा ओळी आल्या. सहाही ठिकाणी ऊस त्यांच्या मेव्हण्याचा, आसारामचा. बदल करणारा अर्जुनराव, कॉम्प्युटर त्यांच्याच केबिनमधला.

मोहिनीला लई गोड वाटलं. खोटं कशाला बोला?

"वाचा, साहेब."

अर्जुनरावांनी चेअरमनकडे पाहिलं. भगवानराव चिठ्ठीची घडी खिशात घालत म्हणाले, "वाचा की."

ते तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागले. मोहिनीने माईक उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू येऊ द्या."

मागच्या रांगेत बंकटराव बसले होते. सकाळीच तिने त्यांना स्कूटीवर बसवून आणलं होतं.