खोडायचा राहिलेला ठिपका

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, वकीलसाहेबांच्या कार्यालयातील मागच्या खोलीत, जिची एकुलती एक खिडकी जिन्यावर उघडत असे, मास्तरांचे सव्वीस वर्षांचे राज्य एका शिंकेला लागेल इतक्या वेळात खालसा झाले.

"मास्तर, ते विहिरीच्या वाटणीचं प्रकरण, दोघा भावांचं," वकीलसाहेब दारातून म्हणाले. "सापडेल का?"

मास्तर तेथील टंकलेखक. तरुणपणी टायपिंगचा वर्ग चालवीत, म्हणून मास्तर. कोणती फाइल संगणकात कोणत्या नावाखाली आहे हे त्यांनाच ठाऊक असे, कारण नावे देण्याची पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती आणि ती कोणालाही सांगितली नव्हती. त्यांनी सावकाश चष्मा पुसायला घेतला.

"सापडलं, साहेब," समोरच्या टेबलावरून ताई म्हणाल्या. "नुसतं 'विहीर' टाकलं."

चाळिशीच्या ताई महिन्यापूर्वी एका विमा कचेरीतून येथे आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी आपल्या संगणकात दोन चिमुकल्या सोयी बसवल्या. एक, फाइलींच्या पोटात शिरून हवा तो शब्द हुडकून देई. दुसरी, तीन अक्षरे टंकताच ठरलेला अख्खा परिच्छेद पडद्यावर उमटवी.

"तुमच्याकडे पण टाकून देते ना, मास्तर. किती बोटं झिजवाल?"

"बोटं शाबूत आहेत माझी."

"बोटांचं नाही हो. वेळ वाचतो."

"वाचलेल्या वेळाचं करता काय तुम्ही?"

"घरी जाते!" ताई म्हणाल्या आणि मोकळेपणी हसल्या. वकीलसाहेबही हसले. मास्तरांच्या कानात त्यानंतर दिवसभर साहेबांचेच हसणे राहिले.

मत्सर हा शब्द मास्तरांनी स्वतःशी एकदाही उच्चारला नाही. आपला आक्षेप तत्त्वाचा आहे, असे ते मनाला बजावीत. जो मजकूर बोटांतून उतरतो तो डोळ्यांखालून जातो. जो आपोआप उमटतो तो कोणाच्याच डोळ्यांखालून जात नाही. युक्तिवाद बिनतोड होता. दुर्दैव इतकेच की तो खरा ठरावा, आणि ताईंच्या हातून ठरावा, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. साहेब ताईंना हाक मारीत तेव्हा मास्तरांच्या बोटांचा वेग वाढे, आणि हाक संपली की चुका खोडण्यात तो वेळ जाई.

गुरुवारी ती संधी चालून आली. एक अंध आजी आपले दोन खोल्यांचे घर भाचीच्या नावे बक्षीसपत्राने करून देणार होत्या. भाची अकरा वर्षे त्यांना सांभाळत होती. दस्त झाला नाही तर ते घर पुतण्यांकडे जाणार होते. दस्त ताईंनी केला. तपासण्याचे काम मात्र अजूनही मास्तरांकडे होते, आणि त्यांची रीत ठरलेली होती: कार्यालयप्रतीत खटकलेल्या ओळीपुढे समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका, ओळ दुरुस्त झाली की ठिपका खोडायचा. दुरुस्तीवाचून ठिपका खोडायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता, आणि तो साहेबांनाही ठाऊक होता.

शेवटच्या पानावर ते थबकले. 'वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला असून तो मला मान्य आहे.' तीन अक्षरांनी उमटलेला परिच्छेद. आजींना दिसत नव्हते. तेथे मजकूर वाचून दाखवल्याचा उल्लेख आणि वाचणाऱ्याची सही हवी होती. हाताने सवयीप्रमाणे ठिपका दिला.

तेवढ्यात ताई पर्स उचलत म्हणाल्या, "झालं का, मास्तर? उद्या सकाळी नोंदणीची वेळ आहे त्यांची. काही राहिलंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ठीक आहे."

त्यांनी फाइल मिटली. उद्या नोंदणी कार्यालयात दस्त अडेल, साहेब संतापतील, आणि पुढच्या आठवड्यात सारे सुरळीत होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली.

दस्त अडला. अधिकाऱ्याने विचारले, "आजी, तुम्ही स्वतः वाचलंत?" आजी म्हणाल्या, "डोळे असते तर तुमचं तोंडही पाहिलं असतं की, बाळा." सगळे हसले, आणि दस्त परत आला. घरून तीन मजले खुर्चीत बसवून उतरवलेल्या आजींना भाचीने आणि शेजाऱ्यांनी पुन्हा तीन मजले चढवले. पुढची तारीख दहा दिवसांनी होती. मास्तरांनी तो दस्त स्वतः, आपल्या बोटांनी, पहिल्या अक्षरापासून नव्याने टंकून ठेवला.

सहाव्या दिवशी आजी गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाची तिची कागदपत्रे न्यायला आली. पोच म्हणून सही केली आणि जिना उतरून गेली. खिडकीतून तिची पावले बराच वेळ ऐकू आली.

"चूक माझी आहे, साहेब," ताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "मी वाचायला हवं होतं."

"आपण आधी असे दस्त कसे केलेत? शोधा बरं. 'वाचून दाखवला' टाका."

ताईंनी टाकले. एक्केचाळीस दस्त निघाले. कोणी अंध, कोणी निरक्षर, आणि प्रत्येकात ती ओळ माणसागणिक निराळी, जपून लिहिलेली.

"सगळे मास्तरांचे आहेत," ताई हळूच म्हणाल्या. त्यांच्या स्वरात निखळ कौतुक होते. महिनाभर मास्तर ज्याचे भुकेले होते, ते नेमके हेच.

वकीलसाहेबांनी आजींच्या दस्ताची कार्यालयप्रत उघडली. शेवटच्या पानावर ते थांबले. मग प्रत उलटी फिरवून त्यांनी मास्तरांपुढे ठेवली. समासातला ठिपका जागच्या जागी होता.

मास्तरांनी चष्मा काढला, पण तो पुसला नाही.

"ताईंची चूक झाली," वकीलसाहेब म्हणाले. "तुमची चूक झालेली नाही, मास्तर. तुम्ही हे केलंत."